गोळीचा वशिला

अमरावती
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय बंडूदादा,

दिवाळी होऊन आठवडा झाला आणि तुझ्या हातात कागदाचं पत्र पडलं, म्हणून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही. माझ्या बोटांचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलंय की रोज एक पान हातानं लिहा, नाहीतर बोटं आखडतील. रोजनिशी मी लिहितेच. पण स्वतःला लिहिताना फार खोडाखोड होते. एकेक वाक्य खरं आहे का, म्हणून तपासत बसते. तुला लिहिताना ती भीती नाही, कारण तू आयुष्यात कुणाचं वाक्य शेवटपर्यंत ऐकलेलं नाहीस. एकच अट: उत्तर हातानंच लिहायचं. फोन केलास तर माझा व्यायाम बुडाला.

आता बातमी. ल्युपस म्हणजे काय ते मी तुला आठ वर्षांत अनेकदा सांगितलं आणि दर वेळी तू ‘म्हणजे सांधेवात’ म्हणून विषय मिटवलास. सांधेवात नव्हे. शरीरानं पाळलेले पहारेकरी घरच्याच माणसांना चोर समजून बडवायला लागतात, असा हा आजार. आधी गालांवर चट्टा आला, मग सांधे धरले, आणि गेल्या वर्षापासून मूत्रपिंडं. लघवीतून प्रथिनं जातात. हे लवकर आवरलं नाही तर मूत्रपिंडं कायमची निकामी होतील, असं डॉक्टर म्हणाले. मनोजला मी हे हसत हसत सांगितलं; नवऱ्याला सांगावंच लागतं. आईला सांगितलंच नाही. तुला लिहितेय.

इथे एका संशोधन केंद्रात नव्या गोळीचा अभ्यास सुरू होतोय, त्यासाठी ल्युपसचे रुग्ण हवेत. नेहमीची औषधं चालूच राहणार. त्यावर ही एक गोळी जास्तीची. मात्र निम्म्या लोकांना खरी गोळी मिळणार आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच, पण आत औषध नसलेली. कुणाला कोणती, ते दूर कुठेतरी संगणक ठरवतो. मला कळणार नाही, तिथल्या डॉ. देवश्रींना कळणार नाही, कुणालाच नाही. नाहीतर गोळीचा गुण कुठला आणि मनाचा कुठला, हे ओळखता येत नाही म्हणे. मला हे फार आवडलं. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या बाईला आवडणारच.

संमतीपत्रक मी चारदा वाचलं आणि त्यातल्या मराठीच्या दोन चुका काढून दिल्या. तिथल्या रूपालीताई म्हणाल्या, “मॅडम, सही करायची असते. पेपर तपासायचा नसतो.”

सही करू का?

तुझी,
अनू


अकोला
१८ नोव्हेंबर २०२४

अनूबाईले बंडूदादाचा आशीर्वाद.

तुझं पाकीट पाहून रागिणी हात पुसत धावत आली. म्हणे, कोर्टाचं काही आलं काय? मी म्हटलं, अनूबाईचा व्यायाम आला. आता माझाबी होऊन राहिला. दुकानात बसून लिहून राहिलो, आन् गिऱ्हाइकाले वाटते की मी भाव लिहून राहिलो.

मूत्रपिंडाचं वाचून मी ताटावरून तसाच उठलो. रागिणी म्हणे, तब्येत बरी हाये ना तुमची?

सही करून टाक. पण ते ‘कोणालेच माहीत नाई’ म्हणतात, ते काही मले पटलं नाई. मी अर्धी जिंदगी फळाच्या अडतीत काढली. दोन पेट्या वरून सारख्या, एकीत माल, एकीत पाला. पेटी भरणाऱ्याले माहीत नसते काय? गाडीवाल्याले नसते? कोणाले ना कोणाले माहीत असतेच, अनू. ‘कोणालेच माहीत नाई’ असं ते लोक म्हणतात, ज्याइच्यापर्यंत आपली ओळख पोचली नाई.

माझ्या गौरांगले कालेजात घेत नोते, घेतलं. रागिणीच्या माहेरी विजेचं मीटर लागत नोतं, लागलं. आता माझ्या बहिणीले डमी गोळी देऊन राहिले, आन् मी अकोल्यात बसून संत्री मोजू काय?

तू फक्त सही कर. बाकीचं मी पाहतो.

बंडूदादा


अमरावती
६ डिसेंबर २०२४

प्रिय बंडूदादा,

काहीही पाहू नकोस. हे मीटर नाही.

मी सही केली. रक्त, लघवी, छातीचा फोटो, सगळं झालं. अभ्यासात घेण्याइतकी मी आजारी आहे, असं ठरलं. रूपालीताईंनी “तुमची निवड झाली” म्हटल्यावर मला चक्क आनंद झाला, आणि मग त्या आनंदाची लाज वाटली.

काल गोळ्यांची बाटली मिळाली. रोज रात्री एका कागदावर लिहायचं, आज किती दुखलं, शून्य ते दहा. सोपं वाटतं ना? मी काल आधी पाच लिहिलं. मग वाटलं, परवा यापेक्षा जास्त दुखलं होतं आणि परवा मी पाचच म्हटलं असतं. म्हणून चार केलं. मग वाटलं, गोळी मिळाल्याच्या आनंदात मी एक कमी तर करत नाही? पुन्हा पाच. मनोज म्हणाला, “तुझा हात दुखतोय की पेन?”

तिथे माझ्या शेजारी करिश्मा नावाची मुलगी बसली होती. भातकुलीची. वय बावीस. गालांवर तसाच चट्टा, पण तिचा अजून लालभडक. घरची फुलशेती आहे, आणि हिला उन्हात जायला बंदी. वडील सोबत होते, पंजाबराव. पोरीच्या डोक्यावर घरातसुद्धा छत्री धरतील, असे. तिला आणि मला एकाच दिवशी बाटल्या मिळाल्या.

तिथली माणसं मात्र फार चांगली आहेत. दारावर देवमन नावाचा पहारेकरी आहे, त्यानं सगळ्या रुग्णांना बसल्या जागी संत्री आणून दिली. आंबिया बहाराची, काय गोड! मी एक खाल्लं, एक मनोजला नेलं. अशी आपुलकी हल्ली कुठे दिसते?

अनू


अकोला
१२ डिसेंबर २०२४

अनूबाई,

काम झालं.

माझा साडू बडनेऱ्याले रेल्वेत. त्याच्या शेजाऱ्याचा मेहुणा तुझ्या त्या सेंटरवर. कोण, ते तुले आता कळलंच असन. हो, तोच देवमन. मी माणूस पाठवला, सोबत एक पेटी दिली, वरुडचा माल, एक फळ डागी नाई. तुझ्या जिल्ह्यातली संत्री अकोल्याले आली आन् तुझ्यासाठी परत अमरावतीले गेली. देवमननं नाव लिहून घेतलं, आन् म्हणाला, “साहेबाले सांगा, काम झालं. ताईले असलीच गोळी भेटन.”

हे पत्र वाचून फाडून टाक.

बंडूदादा

ता.क. आपुलकी कुठं दिसते म्हणतेस? अकोल्याच्या बाजारात दिसते. ठोक भावात.


अमरावती
१६ डिसेंबर २०२४

बंडूदादा,

पत्र फाडलं नाही. फाडलं असतं तर ते खरंच आलं होतं का, याचीच शंका घेत बसले असते.

म्हणजे ती लाच मीच खाल्ली! स्वतःच्या हातानं सोलून! आणि वर त्या माणसाच्या आपुलकीबद्दल तुला पानभर लिहिलं.

तू काय केलंस, कळतंय का? बाटल्या मोजक्या. मला खरी मिळाली, तर कुणाच्या तरी वाट्याची मिळाली. एकाच दिवशी एकाच खोलीत बसलेल्या दोघींपैकी एकीला खरी, म्हणून दुसरीला खोटी, असं तर्कानं म्हणता येत नाही. हे मी दर वर्षी अकरावीला शिकवते. तरी डोळे मिटले की करिश्माच दिसते.

डॉ. देवश्रींना सांगायला हवं. आज केंद्रात गेले होते, पण नाही सांगितलं. का नाही, ते रोजनिशीत तीन प्रकारे लिहून पाहिलं: त्यांचं काम बिघडेल म्हणून, देवमनची नोकरी जाईल म्हणून, तू संकटात येशील म्हणून. तिन्ही वाक्यं चांगली आहेत आणि तिन्ही खोटी. मला ती गोळी हवी आहे, दादा.

अनू


अमरावती
२२ जानेवारी २०२५

प्रिय बंडूदादा,

महिनाभर तुझं उत्तर नाही. रागावलास की लपलास?

अक्षर बघ. ओळीवर आहे. सकाळी बोटं उघडायला तासभर लागायचा. आता चहा उकळेपर्यंत उघडतात. संक्रांतीला तिळाचे लाडू मी स्वतः वळले, इतके घट्ट की मनोजनं अडकित्ता मागितला. रात्रीच्या कागदावर तीन लिहिते. परवा तर दोन.

आणि करिश्माच्या गालांवरचा चट्टा तसाच आहे. ती मला म्हणाली, “मॅडम, तुमाले लवकर लागू पडलं. माह्या बाबांनी तुमाले पाहूनच हिंमत धरली.” मी म्हणाले, तिळगूळ घे.

मला हे सोसवत नाही. तू देवमनला सांग आणि उलटं कर. पुढच्या बाटलीपासून खरी गोळी करिश्माला मिळू दे, मला दुसरी. हे मी पूर्ण विचार करून लिहितेय. मूत्रपिंडांचाही विचार केला आहे. बिघडवलंस तसं निस्तर.

अनू


अकोला
२९ जानेवारी २०२५

अनूबाई,

रागावलो बी नाई, लपलो बी नाई. तूर विकायची घाई होती.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रागिणीले वाचून दाखवलं. ती म्हणे, “तुमच्या बहिणीले एकदा डोक्याच्या डाक्टरले दाखवा.” मी म्हटलं, डोकं चांगलंच हाये तिचं, तेच तं लफडं हाये.

असो. तुझी आज्ञा. देवमनले सांगितलं. तो म्हणाला, “साहेब, नोकरीत एवढी वर्षं काढली, पण उलटं कराले सांगणारा पह्यला माणूस तुमी.” पण केलं त्यानं. पुढच्या बाटलीपासून तुले डमी, त्या पोट्टीले असली.

झालं समाधान?

बंडूदादा


अमरावती
५ मार्च २०२५

दादा,

थोडंच लिहिते. बोटं पुन्हा धरली. कागदावर सात. शिवरात्रीला अंथरुणातच होते. ऊन चढायला लागलंय, त्यामुळेही असेल. पण आपल्या दोघांनाही खरं कारण माहीत आहे.

तुला दोष देत नाही. मीच मागितलं होतं. करिश्मा परवा हसत होती. छान दिसते हसताना.

केंद्रात दर वेळी एक प्रश्न विचारतात: तुम्हाला कोणती गोळी मिळते असं वाटतं? खरी, खोटी, की माहीत नाही? मागे मी ‘माहीत नाही’ लिहिलं होतं. ते साफ खोटं होतं. परवा खरं लिहिलं, ‘खोटी’. आणि ‘किती खात्री?’ यापुढे ‘पूर्ण’.

अभ्यास सोडावा असं वाटतंय.

अनू


अकोला
९ मार्च २०२५

अनू,

बस आता. ऐक. शेवटपर्यंत ऐक, मीबी शेवटपर्यंत लिहितो.

मी उलटं केलंच नोतं. तुझी असली गोळी काढून मी दुसऱ्याले देईन, असं तुले वाटलंच कसं? तुझ्या समाधानासाठी खोटं लिहिलं. मंग तुझं सातवालं पत्र आलं. गोळी तीच, मंग हे पोट्टी बिमार काहून पडून राहिली?

काल एस.टी.नं अमरावतीले आलो होतो. तुले सांगितलं नाई. सेंटरच्या समोर चहाच्या टपरीवर देवमनले धरलं. म्हटलं, खरं सांग, माह्या बहिणीची गोळी बदलली काय? तो म्हणे, “साहेब, आज खरंच सांगतो. म्या बाटलीले कधी हात लावला नाई. बाटल्या बाहेरून येतात, नंबर टाकून, कुलुपात ऱ्हायतात. कोणत्या नंबरात काय, हे रूपालीमॅडमलेबी माहीत नाई. म्या फक्त दार उघडतो.”

मी म्हटलं, मंग ‘काम झालं’ काहून म्हटलं?

तो म्हणे, “तुमचा माणूस पेटी घेऊन आला. आलेल्या माणसाले नाई कसं म्हणू?”

अनू, तुले पह्यलेपासून कोणीच काही दिलं नाई आन् काढलं बी नाई. जे संगणकानं देल्लं, तेच तू खाऊन राहिली. चांगली बी त्याच बाटलीनं झाली आन् वाईट बी त्याच बाटलीनं. अभ्यास सोडू नको. मी हात जोडतो.

बंडूदादा


अमरावती
१३ मार्च २०२५

दादा,

तुझं पत्र मिळालं. गोड आहेस.

आता तर्क बघ. डिसेंबरात तू म्हणालास, काम झालं. जानेवारीत म्हणालास, काम उलटं झालं. मार्चात म्हणतोस, काम झालंच नव्हतं. तिन्ही खरी असू शकत नाहीत. माणूस एकदा समाधानासाठी खोटं लिहितो, तर दुसऱ्यांदा का नाही लिहिणार? मी आजारी पडले, तू घाबरलास, आणि मला बरं वाटावं म्हणून ही टपरीची गोष्ट रचलीस. मी तुझ्या जागी असते तर हेच केलं असतं, फक्त पहारेकऱ्याच्या तोंडी इतकं चांगलं वाक्य घातलं नसतं.

डॉ. देवश्रींनी मला बोलावलं आहे. खास फोन आला. बहुधा कळलं असावं. मी सगळं सांगणार, आणि बाहेर पडणार.

अनू


अमरावती
२४ मार्च २०२५

प्रिय बंडूदादा,

बस खाली. दुकानात असशील तर पेटीवर बस. आज मी तीन पानं लिहिणार आहे आणि बोटं कुरकुरत नाहीत.

केंद्रात गेले तर डॉ. देवश्रींच्या समोर एक टायवाले गृहस्थ. हैदराबादहून आलेले, औषध कंपनीकडून तपासणीला. देवश्री म्हणाल्या, “अनुपमाताई, एक कोडं पडलंय. ‘कोणती गोळी मिळते’ या प्रश्नाला बाकीच्या शहरांतले बहुतेक रुग्ण ‘माहीत नाही’ लिहितात. आमच्या केंद्रात सगळ्यांनी ‘खरी’ लिहिलंय. सगळ्यांनी! आणि खात्री ‘पूर्ण’. सगळ्यांना बरंही वाटतंय. हे होऊच शकत नाही, कारण निम्म्यांना औषध नाही. एकट्या तुम्हीच लिहिलंत, ‘खोटी, पूर्ण खात्री’. तुम्हाला इतकी खात्री कशामुळे?”

मी खुर्चीचा हात धरला आणि सांगितलं. तू, तुझा साडू, शेजाऱ्याचा मेहुणा, पेटी, उलटी मागणी, सगळं. मी रडत नव्हते, फक्त नाक वाहत होतं.

देवश्रींनी घंटी वाजवली. “देवमनला पाठवा.”

देवमन आला. मिश्या आहेत त्याला, पण त्या दिवशी खाली पडल्यासारख्या दिसत होत्या.

“अकोल्याहून संत्र्याची पेटी आली होती?”

“आली होती मॅडम.”

“आणि तू काम झालं म्हणालास?”

“म्हटलं मॅडम.”

“आणखी कोणाला म्हणालास?”

तो बोटांवर मोजायला लागला. मग म्हणाला, “कोणाले नाई म्हटलं, ते इचारा. ते सोपं पडन.”

रूपालीताईंनी बाहेर बसलेल्यांना आत बोलावलं. नांदगाव खंडेश्वरचा संघपाल, तो स्वतः रुग्ण आहे, मान खाली घालून म्हणाला, “आईनं तूरडाळ देल्ली होती. घरची.” एका बाईंच्या दिरांनी भुईमुगाच्या शेंगा दिल्या होत्या. एकांनी देवमनच्या भाच्याच्या लग्नात चक्क मांडव घातला. प्रत्येकाला वाटत होतं, वशिला फक्त आपलाच. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, जणू एकाच लग्नात सगळ्यांनी एकच साडी नेसलीय.

मी करिश्माकडे पाहिलं. तिनं वडिलांकडे पाहिलं. पंजाबरावांनी टोपी काढली.

“पह्यल्या दिवशीच बोललो होतो मॅडम, डिसेंबरातच. घरी गुलाब, शेवंती, झेंडू. गणपतीपासून फुलं देऊन राहिलो म्हणून ओळख होती. पोरीचा बाप हाये, काय करू?” मग ते माझ्याकडे वळले. “ताई, तुमाले जास्त बरं पाहून मले वाटे, तुमचा वशिला माह्यापेक्षा मोठा.”

दादा, तीन महिने मी जिच्या वाट्याची गोळी खाल्ली म्हणून झोपले नाही, तिचे वडील माझा वशिला मोठा म्हणून झोपले नव्हते!

टायवाल्यांना यातलं निम्मंच कळलं असावं. त्यांनी विचारलं, या माणसाला औषधांच्या खोलीत जाता येतं का? रूपालीताई म्हणाल्या, “नाही सर. किल्ली दोघांकडेच असते. आणि आत गेला तरी नंबरच दिसतील. ते आम्हालाही वाचता येत नाहीत.” टायवाल्यांनी मग दोन दिवस बसून सगळ्या बाटल्या आणि नंबर ताडून पाहिले. एकही इकडची तिकडे झालेली नाही.

देवश्री देवमनवर कडाडल्या. “तुला कळतं का तू काय केलंस? या सगळ्यांना बरं कशानं वाटलं, औषधानं की तुझ्या बोलण्यानं, हे आता मी कसं ओळखू?”

देवमन म्हणाला, “मॅडम, कोणी रडत गेलं नाई माह्या दारातून, एवढंच मले माहीत. आन् माल म्या एकट्यानं खाल्ला नाई. संत्री सगळ्यांत वाटली. तुमालेबी दोन देल्ती. तुमी म्हटलं, लय गोड हायेत.”

देवश्रींचं तोंड बघण्यासारखं झालं. हैदराबादचे गृहस्थ खिडकीकडे वळले. त्यांचे खांदे हलत होते.

आता निकाल. हा सगळा प्रकार लेखी वर कळवला आहे. रुग्णांच्या हिताची काळजी घेणारी एक समिती असते, ती ठरवेल. देवमनला दारावरून काढून मागच्या आवारात टाकलं आहे. मी म्हणाले, मी बाहेर पडते. देवश्री म्हणाल्या, “का? खरं सांगणारा रुग्ण बाहेर काढून मी कोणाला ठेवू?” मग माझे कागद पुढे ओढले. “हे बघा. जानेवारीत तुम्हाला फार बरं वाटत होतं, प्रथिनं थोडी उतरली होती. मार्चमध्ये तुम्ही अंथरुणाला खिळलात, पण प्रथिनं आणखी थोडी उतरली आहेत. नेहमीच्या औषधांनी असेल, या गोळीनं असेल. तुमचं मन वर-खाली झालं, प्रथिनं मात्र त्या सगळ्या काळात उतरतच राहिली.”

म्हणजे माझ्या मूत्रपिंडांना वशिल्याची बातमी पोचलीच नव्हती, दादा. लावला तेव्हाही नाही, काढला तेव्हाही नाही.

तुझी टपरीची गोष्ट खरी होती. माफ कर. आणि देवमनचं ते चांगलं वाक्य खरंच त्याचं होतं, तुझं नव्हतं, हेही आता पटलं.

अनू


अकोला
३१ मार्च २०२५

अनूबाईले पाडव्याचा आशीर्वाद.

तुझं पत्र मी दुकानात मोठ्यानं वाचलं. तीन गिऱ्हाइकं थांबून ऐकत होते, एकानं तं घ्याचं ते बी घेतलं नाई.

मूत्रपिंडाची ओळ रागिणीनं पाचदा वाचाले लावली. मंग देवघरात गेली, आन् बाहेर आली तं डोळे लाल. म्हणे, धूप लागला. धूप लावलाच नोता.

पण एका गोठीचा मले लय राग येऊन राहिला. एवढी वरुडची पेटी, आन् भाव काय, तं भुईमुगाच्या शेंगांचा! सगळ्याइले एकच ‘काम झालं’! मी चाळीस वर्षं ओळखी काढून राहिलो, पण एवढा मोठा अडत्या म्या पाह्यला नाई. एक माल दाखवून सगळ्याइले इकला, आन् माल मुळात नाईच!

त्याले म्हणा, नोकरी सुटली तं अकोल्याले ये. दुकान सांभाळ.

आता इथून पुढं तुले काय मिळून राहिलं, ते मी इचारणार नाई. संगणकाच्या गावात आपली ओळख नाई, हे मी मान्य करतो. जिंदगीत पह्यल्यांदा.

बंडूदादा


अमरावती
२० एप्रिल २०२५

प्रिय बंडूदादा,

समितीनं आम्हाला ठेवून घेतलं. सगळ्यांना पुन्हा बसवून समजावलं, पुन्हा सह्या घेतल्या. या वेळी पंजाबरावांनी संमतीपत्रक स्वतः वाचलं, बोट ठेवून, आणि प्रत्येक पानावर “म्हंजे खरंच कोणालेच माहीत नाई?” असं विचारलं. दारावर मोठी पाटी लागली आहे: ‘येथे कोणाचीही ओळख चालत नाही.’ काल त्याच पाटीखाली एक गृहस्थ नव्या पहारेकऱ्याला हळूच विचारत होते, ही पाटी कुणी लावली, त्यांच्याशी काही ओळख आहे का?

करिश्माचा चट्टा थोडा फिकटलाय. आम्ही दोघी आता शेजारी बसतो आणि एकमेकींच्या बाटल्यांकडे बघत नाही. म्हणजे बघतो, पण सांगत नाही.

अजून सहा महिने जायचे आहेत. कुणाला काय मिळत होतं ते सगळ्या शहरांतलं काम संपल्यावरच उघडणार. परवा त्या प्रश्नापुढे मी ‘माहीत नाही’ लिहिलं, आणि पहिल्यांदाच त्यात एक अक्षरही खोडलं नाही.

आता मुद्द्यावर येते. हे लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटते, म्हणून पटकन लिहिते.

प्रथिनं उतरताहेत, पण अजून जास्तच आहेत. पुढे काय होईल, कुणी सांगू शकत नाही. रात्री मी घाबरते. दिवसा मी अकरावीच्या मुलांना सांगते की विधान म्हटलं की ते खरं तरी असतं नाहीतर खोटं तरी. पण डिसेंबरात तुझ्या पत्रातून ते दोन शब्द आले, त्यानंतर माझी बोटं सकाळी उघडायला लागली, हेही खरंच आहे. मूत्रपिंडांना कळलं नाही; बोटांना कळलं होतं.

म्हणून मी रूपालीताईंना सरळ विचारलं, “भावाचं पत्र घेतलं तर चालतं का?” त्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय. मग माझा चेहरा बघून त्यांनी बंदी असलेल्या औषधांचं सगळं पत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं. म्हणाल्या, “नाही मॅडम, यात भाऊ नाही.”

तर एक कर. कुणाकडे जाऊ नकोस. काही पाठवू नकोस, संत्री तर मुळीच नको. वशिला नाही, गोळी बदलत नाही, तुझ्या हातात काहीही नाही, हे सगळं मला पूर्ण माहीत आहे. तरी एकदा लिही. मी ते फाडणार नाही.

अनू


अकोला
२४ एप्रिल २०२५

अनूबाई,

काम झालं.

कोणी केलं, ते इचारू नको.

बंडूदादा